पहिली नको, दुसरी दाखवा

‘पहिली महिला’ या दोन शब्दांची आपल्याला भारी हौस. पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक. स्टेटस ठेवा, हार घाला, विषय संपला. माझं म्हणणं सोपं आहे: मोजायचीच असेल तर दुसरी मोजा.

इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या. दुसरी अजून झालेली नाही. शशिकला काकोडकर १९७३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर एकही बाई बसली नाही. आणि ऊठसूट सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात १९६० पासून पहिलीचाच पत्ता नाही. राष्ट्रपतिपदावर प्रतिभाताई पाटलांनंतर द्रौपदी मुर्मू आल्या, मान्य. पण निवडणुकीची तिकिटं राष्ट्रपती भवनात वाटली जात नाहीत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टीला डेमो म्हणतो. एकदा, सगळ्यांसमोर, नीट चाललं. रोज चालतं का, हा प्रश्न वेगळा.

आता महिला आरक्षणाचा कायदा बघा. १९९६ मध्ये विधेयक आलं, २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन अडकलं. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने ते ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. केवढ्या टाळ्या! पण आत अट होती: आधी नवी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. म्हणजे कोड लिहिला, पेढे वाटले आणि फीचर बंद ठेवूनच रिलीज केलं.

पुढच्याच वर्षी लोकसभेची निवडणूक झाली. बाजूने मत देणाऱ्या पक्षांना तिकिटं द्यायला कोणी अडवलं होतं? ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. २०१९ मध्ये ७८ होत्या. कायदा झाला आणि आकडा घटला. महाराष्ट्रात ४८ पैकी ७.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘निवडून येतील अशा बायका मिळत नाहीत.’ २०१९ मध्ये बिजू जनता दलाने ओडिशातल्या २१ पैकी ७ जागांवर बायका उभ्या केल्या. कायद्याची सक्ती नव्हती. पाच जिंकल्या. त्यातल्या प्रमिला बिसोई बचत गटाच्या कामातून आलेल्या. आणि महाराष्ट्रात तर पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. हजारो बायका तिथे निवडणूक लढवून, जिंकून, कारभार करून बसल्यात. त्या कोणालाच दिसत नाहीत?

‘सरपंचपती’चा विनोद आता पुरे. नवरा कारभार बळकावत असेल तर त्याला बाहेर काढा. बाईची जागा कशाला कापता?

पुढच्या वेळी तुमच्या आवडत्या पक्षाची उमेदवार यादी फोनवर आली की दोन मिनिटं काढा आणि बायकांची नावं मोजा. तिनात एक नसेल, तर त्यांच्या महिला दिनाच्या पोस्टखाली तो आकडा लिहा. बाकी काही लिहू नका. आकडा पुरेसा आहे.