यंदाच्या नाताळात पाकीट मुलांच्या हाती द्या

वसईतल्या आई-वडिलांनो, घरावर चांदण्या लागल्या. गोठ्यासाठी पेंढा आला. करंज्या-कुलकुलांची तयारी सुरू झाली. आज-उद्या तुम्ही मुलांच्या खरेदीला निघाल. त्याआधी दोन मिनिटे थांबा आणि हे वाचा.

परवा एका दुकानात सात-आठ वर्षांचा मुलगा रिमोटच्या गाडीपुढे अडून बसला होता. "एवढे पैसे नाहीत रे बाळा," वडील म्हणाले. पोराने त्यांच्या शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्याच हातात ठेवला. "आहेत की!" वडिलांनी गाडी घेतली. त्या लेकराची काहीच चूक नव्हती. घरात कुणाला नोटा मोजताना त्याने पाहिलेच नसेल, तर खिसा रिकामाही होतो हे त्याला कळावे कसे?

मुलांचे लाड कराच. नाताळ वर्षातून एकदाच येतो. पण यंदा एवढे करा. मुलाच्या वाट्याचे पैसे आधी ठरवा, हजार असोत नाहीतर दोनशे. ते रोख काढा. सुटे करून पाकिटात घाला आणि त्याच्या हातात द्या. "यात तुझी वस्तू घे, आणि आजीसाठीही काहीतरी आण," एवढेच सांगा. मग दुकानात गप्प उभे राहा. हेच सर्वांत अवघड आहे. तो किंमत वाचेल, उचललेले परत ठेवेल, बोटांवर हिशेब करील. घाई करू नका. पहिल्याच दुकानात सगळे उडवून बसला, तरी गुपचूप भर घालू नका. दोनशे रुपयांची चूक आज तुमच्यासमोर होऊ द्या.

कारण पुढे त्याला गाठणारा बाजार दयामाया दाखवत नाही. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जो गळ टाकतात, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते बहुतेकदा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली, तर वर्षाला साधारण ३६ ते ४२ टक्के व्याज बसते. डिसेंबरात हौसेने घेतलेली सायकल जूनमध्ये शाळेच्या फीला आडवी येते. मग रात्री तुम्ही दोघे हळू आवाजात बोलता, आणि मुले जागी असतात.

तेव्हा हप्त्यावर खेळणे घेऊ नका. शेजारच्या पोराला मिळाले म्हणून तर मुळीच घेऊ नका. "यंदा जमणार नाही," हे मुलासमोर मान खाली न घालता सांगा.

आणि आजीला बोलते करा. पहाटेच्या गाडीने भाजीची, फुलांची टोपली घेऊन मुंबई गाठणाऱ्या बायका आपल्या गावागावांत होत्या. कनवटीचे पैसे घरी आल्यावर कसे मोजले जात, त्यातून नाताळचे नवे कापड कसे निघे, हे तिच्या तोंडून नातवंडांना ऐकू द्या. ती आहे तोवरच हे होईल.

मामा-मावश्यांनो, धर्ममाता-धर्मपित्यांनो, नाताळचे पैसे आईच्या फोनवर पाठवू नका. मुलाच्या हातात ठेवा. मूल दहा वर्षांचे झाले असेल, तर ५०० रुपयांत टपाल कार्यालयात त्याच्या नावाचे बचत खाते उघडता येते आणि ते त्याला स्वतः चालवता येते. त्याला तिथे न्या, सही त्यालाच करू द्या.

दिवस थोडे उरलेत. आज संध्याकाळीच पैसे काढून आणा. येत्या शुक्रवारी मुलाला पापडीच्या बाजाराला न्या. पाकीट त्याच्या खिशात असू द्या, आणि तुमचा मोबाइल घरी ठेवा.