गवताचा ट्रक रिकामा का परततो?

वाडा, शहापूर, भिवंडी भागातून गवताचे भारे आणि भाताचा पेंढा भरलेले ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. पिढ्यान् पिढ्यांचा हा धंदा आहे, त्यामुळे त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण ट्रक जाताना भरून जातो आणि येताना रिकामा येतो, हे कधी लक्षात घेतलंय का? गवताबरोबर जमिनीचा कस गेला, बदल्यात चार पैसे आले. म्हशीने गवत खाल्लं, शहराने दूध प्यायलं आणि बरंचसं शेण नाल्याला लागलं. ज्या जमिनीने गवत दिलं, तिच्या वाट्याला काहीच आलं नाही.

जोडधंदा म्हणून दुभती जनावरं पाळा, असा सल्ला आम्ही विस्तार खात्याची माणसं गावोगाव देत असतो. सल्ला बरोबर आहे. पण झाड, माती आणि जनावर यांची सांगड तुटली तर हाच धंदा जमीन खाऊन टाकतो. हे समजून घ्यायला लांब जायला नको. अंधेरीच्या शेजारचं उदाहरण पुरेसं आहे.

आरेची मांडणी

अंधेरी पूर्वेकडून मरोळ-मरोशी रस्त्याने पुढे गेलं की आरे दुग्ध वसाहत लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं दोन दिवसांत तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवण्याचा आदेश दिला, तोवर बरीचशी झाडं आडवी झाली होती. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला. या सगळ्या काळात मुंबईची हवा, पूर, बिबटे आणि आदिवासी पाडे यांवर खूप बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण ही जागा मुळात दुग्ध वसाहत आहे. म्हशीचा झाडाशी आणि मातीशी काय संबंध, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला.

वसाहत १९४९ साली स्थापन झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मुंबईच्या दाट वस्तीत, गटाराच्या कडेला उभे असलेले तबेले हलवून म्हशींना मोकळी जागा द्यायची, हा हेतू होता. दारा खुरोडी हे या योजनेमागचं मोठं नाव. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि १६ हजारांच्या आसपास म्हशी असा तिचा पसारा.

मांडणी शहाणपणाची होती. तबेल्यांभोवती झाडी होती. गोठे धुतलेलं शेणपाणी खाचरांत सोडून त्यावर पॅरा गवत घ्यायचं आणि ते म्हशींना घालायचं. पॅरा गवताला पाणी मानवतं. त्याच्या पेरांना मुळ्या फुटतात आणि माती जागच्या जागी धरून राहते. गवत, शेण आणि पुन्हा गवत असं हे चक्र होतं.

हिशेब कुठे चुकतो?

आता थोडा आकड्यांचा हिशेब करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा कळायला पुरे.

एक म्हैस दिवसाला कमीत कमी १५ किलो शेण टाकते. म्हणजे वर्षाला साडेपाच टन. कुजून त्याचं निम्मं, अडीच-पावणेतीन टन खत होतं. हेक्टरी १० टन शेणखत हे धोरण धरलं तर चार म्हशींचं खत एका हेक्टरला पुरतं. या हिशेबाने १६ हजार म्हशींच्या खताला ४ हजार हेक्टर जमीन लागेल. आरेची सगळी जमीन, रस्ते, इमारती आणि झाडीसकट, याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच आहे.

चाऱ्याचंही तेच. म्हशीला रोज सात किलो वाळला चारा धरला तर वर्षाला अडीच टन होतो. १६ हजार म्हशींना ४० हजार टन लागेल. हेक्टरी चार टन पेंढा निघतो असं धरलं, तर हा १० हजार हेक्टर भातशेतीचा पेंढा झाला. तो बाहेरूनच आणावा लागणार.

म्हणजे मांडणी चांगली असूनही जमिनीच्या मानाने जनावरं जास्त होती. गवत खेड्यातून यायचं, पण जादा शेण खेड्यात परत नेण्याची सोय झाली नाही. अंधेरी-जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यातल्या खासगी तबेल्यांना तर गवताची खाचरंसुद्धा नाहीत. तिथलं शेण नाल्यातून ओशिवरा नदीला आणि पुढे मालाडच्या खाडीला मिळतं. २६ जुलै २००५ च्या पुरात हे नाले आणि मिठी नदी किती तुंबलेली आहे ते सगळ्यांनी पाहिलं. तबेले बाहेर हलवण्यासाठी पूर्वीच डहाणू-तलासरी भागात दापचरीचा प्रकल्प उभारला होता. पण ताज्या दुधाचं गिऱ्हाईक मुंबईत, त्यामुळे बरेचसे तबेले तिकडे गेलेच नाहीत.

गावाकडची बाजू

आता गावाकडे पाहू. ठाणे-पालघरची वरकस जमीन म्हणजे उताराची, हलकी, गवताची जमीन. मुंबईची जनावरं हिच्या जिवावर जगली. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वारली मजुरांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली संप केला. त्यात एक मुख्य मागणी गवत कापणीच्या मजुरीची होती. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. मजूर भांडला म्हणून त्याचा हक्क मान्य झाला. जमिनीला तोंड नाही, त्यामुळे तिची मागणी आजतागायत कोणी मांडली नाही.

वर्षानुवर्षं गवत कापून न्यायचं आणि परत काही द्यायचं नाही. त्यात झाडं तोडलेली आणि दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस. मग वरची चार बोटं माती ओढ्याला लागते. राहिलेलं शेण आणि झाडांच्या फांद्या आपण राबात जाळतो. राबामुळे रोपवाटिकेत तण कमी होतं हे खरं. पण एवढ्या शेणा-पाल्याची राख होते आणि त्यातला नत्र हवेत उडून जातो. गादीवाफ्यावर कुजलेलं खत घालून रोपं चांगली येतात. राब एकदम सोडवत नसेल तर अर्ध्या जागेत करून पाहा.

झाड काय करतं?

म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार कमी. त्यामुळे उन्हाचा ताप तिला जास्त होतो. मग ती चारा कमी खाते, दूध घटतं, माजावर येणं लांबतं. पत्र्याखाली तापण्यापेक्षा झाडाखाली ती सुखी असते. सावलीचा हा फायदा रोजच्या धारेत मोजता येतो.

दुसरं, बांधावरच्या झाडाची मुळं माती धरतात आणि खालचं अन्न वर आणतात. गळलेला पाला जमिनीत कुजतो. तिसरं, मार्च ते मे या टंचाईत गवत वाळून जातं तेव्हा झाडाला हिरवा पाला असतो.

कोणती झाडं लावावीत? शेवरी, हादगा आणि सुबाभूळ ही चाऱ्याची. गिरिपुष्प प्रामुख्याने हिरवळीच्या खतासाठी. त्याच्या वासाने जनावरं सुरुवातीला तोंड फिरवतात, पण पाला सुकवून थोडा थोडा दिला तर सवय होते. पांगारा, आपटा ही आपली जुनी झाडंही विसरू नका.

काही पथ्यं पाळावी लागतील. सुबाभळीत मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, नाहीतर केस गळतात. आणि सगळा भरवसा एकाच झाडावर ठेवू नये. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पण १९८८ साली सिलिड नावाची बारीक कीड देशात आली आणि अनेक ठिकाणी सुबाभळीचे शेंडे बसले. तीन-चार जातींची झाडं मिसळून लावली तर असा फटका बसत नाही.

शेणपाण्यावर वाढवलेल्या गवताचंही पथ्य आहे. नत्र अती झालं तर चाऱ्यात नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. म्हणून शेणपाणी एकाच वाफ्यात सतत न सोडता पाळीपाळीने फिरवावं आणि अगदी कोवळा चारा कापू नये.

करून दाखवलेली गावं

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. डोंगर मोकळ्या चराईला बंद केला, गवत विळ्याने कापून गोठ्यात आणायचं ठरवलं. झाडं वाढली, पाणी मुरलं, गवत आलं, आणि त्यानंतर गावात दुभती जनावरं वाढून दुधाचं संकलन कितीतरी पटींनी वाढलं. क्रम लक्षात घ्या. आधी माती आणि झाड, मग म्हैस. आपण बहुतेक वेळा कर्ज काढून आधी म्हैस आणतो.

आपल्याकडे जव्हार भागात बाएफच्याच वाडी कार्यक्रमात उताराच्या जमिनीवर आंबा-काजूची बाग आणि कडेने चाऱ्याची, जळणाची झाडं लावली गेली. हलक्या जमिनीवर हे जमतं याचा तो पुरावा आहे.

आता काय करायचं?

पहिलं काम पंचायतीचं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असा आदेश राज्यांना दिला. आपल्या राज्यानेही त्याच वर्षी गायरानांबाबत शासन निर्णय काढला. गायरानाचा सातबारा आणि मोजणी आधी पाहा. मग त्याचा एक तुकडा दोन पावसाळे बंद ठेवा, समतल चर खोदा, झाडं आणि स्टायलो गवत लावा. गुराख्यांशी बोलल्याशिवाय बंदी करू नका. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या शेळीचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरं काम शेतकऱ्याचं. जनावरं जमिनीच्या बेताने ठेवा. एकरी दीड म्हैस एवढं माप डोक्यात असू द्या. त्यापुढे गेलात तर जादा खत कुठे जाणार ते आधी ठरवा.

तिसरं काम गवत विकणाऱ्यांचं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गवताचा सौदा करतानाच खताचीही बोली करा. ओल्या शेणात ऐंशी टक्के पाणी असतं, ते वाहून आणणं परवडणार नाही. पण तबेल्यावरच कुजवून वाळवलेलं खत परतीच्या ट्रकमध्ये येऊ शकतं. ट्रक रिकामा यायचाच असतो, त्यामुळे भाडंही कमी पडेल. दहा टनांची एक खेप म्हणजे एक हेक्टर जमिनीचं खत. एकट्याला जमत नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून एक खेप आणावी. खत नीट कुजलेलं असावं, नाहीतर त्याबरोबर तणाचं बीही शेतात येईल.

तबेलेवाल्याचाही यात फायदा आहे. शेण नाल्यात सोडलं म्हणून त्याच्यावर नोटिसा निघतात. तेच शेण उचललं गेलं तर त्याचाही जीव सुटेल.

येत्या हंगामात गवत कापायच्या आधी सरपंचांनी गवत विकणाऱ्या मंडळींना एकदा चावडीवर बोलवावं आणि हा एकच प्रश्न विचारावा: आपला ट्रक परतताना काय घेऊन येतो? उत्तर ‘काही नाही’ असं असेल, तर पुढच्या दहा वर्षांत त्या वरकसावर गवत तरी राहील का, याचा विचार सगळ्यांनी तिथेच बसून करावा.