वाड्याची ‘मूळ लाकडी जमीन’ आणि पॉलिशचा सोस

(१) ‘जुन्या वाड्याची मूळ लाकडी जमीन पुन्हा उजेडात आणली’, अशा कौतुकासह चकाकणाऱ्या सागवानी फळ्यांची छायाचित्रे हल्ली सर्वत्र फिरतात. त्यांतील ‘मूळ’ हा शब्द बहुधा खोटा असतो.

(२) देशावरच्या वाड्यात माडीची जमीन म्हणजे कडीपाट. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर शेणाचे सारवण. लाकूड दिसे ते खालच्या दालनातून, छत म्हणून. रंधा आणि नक्षी त्याच बाजूला. माडीवर वावरणाऱ्यांचे पाऊल सारवणावर पडे. माती उपसून उघड्या केलेल्या फळ्या ही सजावट झाली, जीर्णोद्धार नव्हे.

(३) तोटा केवळ शब्दाचा असता तर सोडून देता आला असता. मातीखालची बाजू कोणी पाहणार नसल्याने अनेकदा तशीच सोडलेली असे. हाती करवतीचे सरळ, पण वेडेवाकडे वळ, वाकसाचे घाव, लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे. फळीचे वय सांगणारा पुरावा तो हाच. यंत्रकरवतीचे गोलाकार वळ आणि गोल तारेचे खिळे पुढच्या काळाचे. घासणीयंत्र हा सारा दस्तऐवज एका दुपारी पुसून टाकते.

(४) पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पण १८७९च्या आगीत त्याचा काही भाग जळाला व नंतर पुन्हा उभारला गेला. अशा वास्तूत पेशवाईतली फळी कोणती आणि इंग्रजी अमदानीतली कोणती, हे गुळगुळीत लाकडावरून कोणी कसे ओळखावे?

(५) ‘लाकूड कमकुवत’ म्हणून वर कोबा घालणाऱ्यांचा युक्तिवाद तर याहून पोकळ. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत दोन इंचांचा कोबा म्हणजे सुमारे एक टन वाढीव भार. शिवाय झिरपलेले पाणी त्याखाली कोंडते, आणि भिंतीत गेलेली कड्यांची टोके नेमकी तिथेच कुजतात. मग दोष मात्र सागाच्या माथी!

(६) ‘शेणमातीवर आज कोण राहील?’ हा आक्षेप रास्त आहे. त्यावर सतरंजी वा काढता येईल असे हलके आच्छादन पुरते. आधी छताची गळती थांबवावी, कडीचे कुजलेले टोक तेवढेच कापून जुन्या सागाचा सांधा द्यावा, प्रत्येक फळीवर क्रमांक घालून ती मूळ जागी बसवावी आणि माती पुन्हा पसरावी. हे काम छायाचित्रात उठून दिसत नाही, म्हणूनच ते फारसे कोणी करत नाही.