किशोरांच्या विज्ञानकथेत समाज हवाच

किशोरांसाठीच्या विज्ञानकथेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की तिने ग्रह, यंत्रे आणि जंतू यांपुरतेच राहावे. जात, अंधश्रद्धा, मुलगा-मुलगी भेद आणले की ती प्रचारकी होते. दुसरा असा की हे विषय मुलांना पेलत नाहीत. दोन्ही आक्षेप टिकत नाहीत.

नवे ज्ञान हाती आल्यावर माणसे कशी वागतात, हाच विज्ञानकथेचा खरा विषय आहे. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’त पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ गुप्तपणे वळवतात, पण तो धूमकेतू शोधणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षकाच्या स्वतःच्या घरात श्रेय यज्ञाला दिले जाते. यातला यज्ञ वगळला तर भौतिकशास्त्राचा एक धडा उरेल. त्यांच्याच ‘पुत्रवती भव’मध्ये संशोधन मुलग्याच्या हव्यासाला मदत करते. वास्तवातही सोनोग्राफीचे तसेच झाले. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्ये आणि देशाला १९९४ मध्ये कायदा करावा लागला. पूर्वग्रह यंत्राच्या वापरातच शिरतो. त्याला कथेबाहेर ठेवणे म्हणजे अर्धेच विज्ञान सांगणे.

वयाचा आक्षेप तर अनुभवालाच धरून नाही. आडनाव का विचारले जाते, हे मुलांना प्राथमिक शाळेतच उमगते. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२च्या ‘अ रिंकल इन टाइम’ या कादंबरीतल्या एका ग्रहावर सगळी मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटतात. ठेका चुकणे हा तिथे अपराध आहे. लोइस लोरी यांच्या १९९३च्या ‘द गिव्हर’चा नायक बारा वर्षांचा आहे. एकसारखेपणाच्या सक्तीची किंमत या वयाच्या वाचकांना कळते, हे या पुस्तकांनी केव्हाच दाखवले आहे.

मराठी लेखकाला यासाठी परग्रहावर जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर १६१० मध्ये ‘खडकी’ म्हणून वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला होता. जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्यानेच बांधवली. त्याच शहरातील विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. उद्या या शहराचे पाणीवाटप संगणकाकडे गेले आणि तो जुन्या नोंदींवरून शिकला, तर वस्त्यावस्त्यांतला जुना भेद तो अधिक काटेकोरपणे चालवील. ही कल्पना जितकी तांत्रिक आहे, तितकीच सामाजिक आहे.

अशा कथेने दोन पथ्ये पाळावीत. पूर्वग्रह फक्त खलनायकाच्या माथी मारू नये; ‘धूमकेतू’त यज्ञावर श्रद्धा ठेवणारी माणसे घरातली, मायेचीच आहेत. आणि परिवर्तन एका शोधाने घडल्याचे दाखवू नये, कारण विद्यापीठाच्या नामविस्ताराला सोळा वर्षांचा लढा आणि अनेकांची होरपळ लागली. ही पथ्ये पाळणारी कथा प्रचार ठरत नाही. ती मुलांना यंत्राबरोबर ते चालवणाऱ्या माणसांकडेही चिकित्सेने पाहायला शिकवते.