उसाच्या गावात भाकरीचा हिशेब

श्रीरामपूर तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आठवतो. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण, प्रवरेचे कालवे, हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना, पुढं अशोकनगर, असा हा पाण्याचा आणि साखरेचा मुलूख. अशा ठिकाणी गरिबाच्या घरात स्वयंपाक किती पैशात निघतो यावर लिहायला बसलं की कोणी ना कोणी म्हणणारच, ‘आपल्याकडं उपाशी कोण झोपतं हो?’

उपाशी कोणी झोपत नाही, हे मान्य. पण पोट कशानं भरतं, ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. बायकांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के. बागायती तालुक्याच्या वेशीवर हा आकडा थांबतो असं समजण्याचं कारण नाही. कालव्याचं पाणी उसाला जातं, मजुराच्या ताटात ते आपोआप येत नाही.

आता हिशेबच मांडू. घरात पाच माणसं धरा. नवरा-बायको दोघं मजुरीला जाणारी, म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन पोरं. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, तोच मजुरीचा आकडा घेऊ. दोघांना मिळून महिन्याला तीस दिवस काम लागलं तर ९,३६० रुपये हातात येतात. पावसाच्या झडीत तेवढंही काम लागत नाही, ते सोडून द्या.

कार्ड प्राधान्य गटाचं असेल तर माणशी पाच किलोप्रमाणे पंचवीस किलो धान्य फुकट मिळतं. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी तशी सोय केंद्रानं केली आहे. पण कष्टाचं काम करणाऱ्या घराला रोज पावणेदोन-दोन किलो धान्य लागतं, म्हणजे महिन्याला चौपन्न-पंचावन्न किलो. रेशननं निम्मंसुद्धा भागत नाही. उरलेली तीस किलो बाजरी-ज्वारी विकत घ्यायची तर हजाराच्या आसपास गेले. डाळी-कडधान्यं माणशी रोज साठ ग्रॅम धरली तर नऊ किलो, त्याचे साडेआठशे-नऊशे. तेल साडेतीन किलो, पाचशे. शेंगदाणे दोन किलो, अडीचशे. भाजी रोज पंचवीस रुपयांची म्हटली तरी साडेसातशे. अर्धा लिटर दूध, आणखी साडेसातशे. साखर, चहापत्ती, मीठ, मिरची, हळद मिळून सहाशे. भाव बाजारागणिक वर-खाली होतील, पण बेरीज साडेचार हजारांच्या खाली येत नाही. निम्मी मजुरी इथंच संपली. गॅस, औषधपाणी, वह्या-पुस्तकं, लाइट बिल, लग्नाचा आहेर हे सगळं उरलेल्या निम्म्यात.

मग बाई काय करते? मजुरीत कपात करता येत नाही, धान्यात करता येत नाही. ती डाळ कमी करते, भाजी कमी करते, दूध चहापुरतं आणते. नऊ किलोची डाळ तीन किलोवर येते, आमटी पातळ होते आणि पोरं चपाती चहात बुडवून शाळेत जातात. यात तिचा आळस नाही आणि अडाणीपणाही नाही. तरीही पोषणाचं शिबिर भरलं की व्याख्यान तिलाच ऐकवायचं, ‘ताई, आहारात कडधान्यं वाढवा.’ कशानं वाढवायची, हे कोणी सांगत नाही.

पूर्वी हेच घर कसं चालायचं, ते वयस्कर वाचकांना ठाऊक आहे. पूर्वी सगळं बरं होतं असं माझं म्हणणं नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो खाऊन आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीवर लोकांनी दिवस काढले, ते काही वैभव नव्हतं. पण पाऊसपाणी बरं असलं तर गरिबाच्या चुलीला गावातल्या रानाचा तीन बाजूंनी आधार होता. एक, बाजरीची सोंगणी, खुडणी, ज्वारीची काढणी यांची मजुरी धान्यात मिळायची. चार-सहा आठवडे राबलं की घरात वर्षाच्या भाकरीतला मोठा वाटा येऊन पडायचा, आणि त्याला बाजारभावाची झळ नव्हती. दुसरा आधार सरव्याचा. रान मोकळं झालं की म्हाताऱ्या आणि पोरं राहिलेली कणसं, भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा वेचायची, आणि शहाणा शेतकरी त्यांना हाकलत नसे. तिसरा आधार खुरपणीचा. संध्याकाळी बाई घरी निघाली की तिच्या ओटीत तांदुळजा, घोळ, चाकवत, पाथरी, कुर्डू यांपैकी काही ना काही असायचंच. त्या भाजीला पैसा पडत नव्हता.

आज उसाला सरवा नाही. गहू, सोयाबीन हार्वेस्टरनं निघतं, आणि जी मजुरी मिळते ती रोखीत. खुरपणीच्या जागी तणनाशक आलं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, खुरपायला माणूस मिळत नाही आणि मिळालं तरी परवडत नाही, हे मीही जाणतो. पण रुंद पानाचं तण मारणारं औषध उसात मारलं की तांदुळजा, घोळ, चाकवत सगळंच जळतं. एकरी खर्च वाचला असं आपण म्हणतो. तो वाचलेला खर्च कोणाच्या तरी ताटातली भाजी होती, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मग पैसा कुठं गेला, याचं एक उत्तर सरकारी आकड्यांत आहे. २०२३-२४ च्या केंद्राच्या घरखर्च पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात एकूण खर्चातले सुमारे ४७ टक्के अन्नावर गेले. त्यात तृणधान्यांवर जेमतेम पाच टक्के, आणि पेयं, नाश्त्याचे व तयार पदार्थ यांवर दहा टक्क्यांच्या जवळ. धान्याच्या दुप्पट पैसा पुड्यांवर आणि हॉटेलच्या चहावर! रेशन फुकट झाल्यानं धान्याचा आकडा खाली आला हे खरं, पण वाचलेला पैसा डाळीकडं न जाता किराणा दुकानाच्या दाराला लटकणाऱ्या माळांकडं गेला. दोन पोरांना रोज दहा-दहा रुपयांची पुडी दिली की महिन्याचे सहाशे होतात. सहाशे रुपयांत सहा किलो मटकी येते. पाच माणसांच्या घरात माणशी रोज चाळीस ग्रॅम. वरच्या हिशेबात बाईनं जी डाळ कापली, तिच्यातला मोठा भाग हाच. पुडी बंद करा असं सांगणं सोपं आहे. दिवसभर रानात असलेल्या आईला रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं. म्हणून तिला घरात पर्याय हवा. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा खडा, बाजरीची खारी वडी. आणि ते आणायचे तर महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी आणले पाहिजेत.

खरी गाठ इथंच बसते. गरीब माणूस महाग खातो, कारण तो थोडं थोडं घेतो. बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा आणि ज्वारी फेब्रुवारी-मार्चात. त्या वेळी पोतं घेतलं तर स्वस्त पडतं, पण हातात रक्कम नसते. मग वर्षभर पाव किलो डाळ, शंभराची तेलाची पिशवी, तीही उधारीवर. महिला बचत गट गावोगाव आहेत. गटाचं कर्ज लग्नाला मिळतं, म्हशीला मिळतं, ते हंगामात धान्यासाठी का देऊ नये? दहा बायकांनी मिळून शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच पाच पोती हरभरा, चार पोती तूर घेतली तर शेतकऱ्याचं भाडं, हमाली, आडत वाचते आणि त्यांना किरकोळीचा भाव पडत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल पुष्कळ गटांनी बसवली आहे. डाळ करून चुणीही घरच्या शेळीला.

आता बागायतदार बंधूंनो, तुमच्याकडं. तुमच्या स्वतःच्या घरातसुद्धा बाजरी दुकानातून येते, हे खोटं आहे का? सोयाबीन आपण विकतो आणि त्याच्याच तेलाची पिशवी विकत आणतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात अनेकांना तेवढाही मिळाला नाही. त्यातलं एक पोतं घरात ठेवलं असतं तर? सोयाबीन कच्चं दळू नये. वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून, नऊ-दहा किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळलं की चवीत फरक कळत नाही. डाळीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं त्यात आहेत आणि भाव डाळीच्या निम्मा.

दहा गुंठे बाजरी करा. पाणी असलेल्या रानात दोन-अडीच क्विंटल येते. एकट्यानं केली तर पाखरं शिल्लक ठेवत नाहीत, ही तक्रार खरी आहे; चौघा-पाचांनी लागून पेरा, म्हणजे राखण वाटून घेता येते. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. इक्रिसॅट आणि राहुरी यांनी मिळून काढलेला ‘धनशक्ती’ हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. तो संकरित नाही, त्यामुळे वेगळा राखला तर घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. पूर्वहंगामी उसाच्या पट्ट्यात हरभरा, मेथी, कोथिंबीर निघते, हेही नवीन नाही. आणि काढणीला येणाऱ्या मजुरानं रोख पैशाऐवजी धान्य मागितलं तर खळ्यावरच्या भावानं द्या. तुमचं काही जात नाही, त्याचं किराणा दुकानदाराच्या वहीतलं एक पान कमी होतं.

जाता जाता स्वयंपाकघरातलं एक. बाजरीचं पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडू होतं, दळण थोडंच आणावं. आणि भाकरी खाऊन लगेच चहा पिऊ नये, चहामुळं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. त्याऐवजी लिंबाची फोड, आवळा. मोड आलेली मटकी, हुलगा यांचा खर्च तोच, गुण जास्त. शेवग्याचं झाड सांडपाण्यावर वाढतं. शेंगा सगळे खातात, पाला मात्र शेळीला टाकतात.

ग्रामपंचायत, तलाठी, ग्रामसेवक, रेशन दुकानदार यांना दोन गोष्टी. कार्डावर नावं चढलेली नाहीत ही गावोगावची तक्रार आहे. सून येऊन सहा वर्षं झाली, पोरगं शाळेत गेलं, आणि कार्डावर अजून तीनच माणसं. अर्ज केला की ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर. इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, ही अडचण वरची, पण मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं वेळेवर कमी केली तर जागा गावातच निघते. ते काम दक्षता समितीचं. समितीची बैठक कागदावर होते की चावडीत, हे गावाला विचारता येतं. दुसरं, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही आहे. कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी देतात, तामिळनाडूत तूरडाळ आणि पामतेल सवलतीनं मिळतं. आपल्याकडं २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर, तेल असा शिधा दिला. सणाची डाळ चांगलीच, पण पोट महिन्याच्या महिन्याला असतं. नगर जिल्ह्यातली ज्वारी-बाजरी हमीभावानं घेऊन इथल्याच कार्डावर द्या, असा ठराव ग्रामसभांनी करून तहसीलला पाठवायला काय हरकत आहे?

शेवटी शाळेचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला. अंडं द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, गोड पदार्थाची साखरही तशीच गोळा करा, असं ठरलं. साखरेच्या तालुक्यात साखरेसाठी वर्गणी! असो. शंभर पोरांच्या शाळेला सात रुपयांप्रमाणे आठवड्याला सातशे रुपये लागतात. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं उसाचा दर टनाला ३,५५० रुपये ठरवला, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती गोष्ट वेगळी. पण एका टनात शंभर पोरांची पाच आठवड्यांची अंडी बसतात. शाळेचं वर्ष सुट्ट्या वगळून छत्तीस-सदतीस आठवड्यांचं, म्हणजे सात-आठ टन. गावातून हजारो टन ऊस कारखान्याला जातो. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायचा असेल तर अर्ज आधी द्यावा लागतो, तो शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीनं द्या.