एसी घ्यायच्या आधी स्लॅबकडे बघा

मार्च संपत आला की भंडाऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये दोनच विषय चालतात, उन्हाळी परीक्षेचं टाइमटेबल आणि कूलर. यंदा त्यात तिसरा विषय आलाय, चाकांवरचा एसी. भिंत फोडायची नाही, बाहेर युनिट लटकवायचं नाही, रूम बदलली की ढकलत सोबत न्यायचा. तिघांनी वर्गणी काढली की झालं, असं गणित तुमच्यापैकी कित्येकांनी मांडलं असेल. पण हा एसी तीस-पस्तीस हजारांच्या घरात जातो. सेमिस्टरच्या फीपेक्षा मोठी ही रक्कम मोजण्याआधी हे यंत्र नेमकं करतं काय, ते बघून घ्या.

स्प्लिट एसीचा तापणारा अर्धा भाग घराबाहेर असतो. पोर्टेबलमध्ये सगळंच तुमच्या पलंगाशेजारी. कॉम्प्रेसरची घरघरही तिथेच. आतली उष्णता बाहेर टाकायला मागून एक जाड पाइप खिडकीत सोडलेला असतो. बाजारातल्या बहुतेक मशीनना हा एकच पाइप असतो आणि खरी गोम तिथे आहे. पाइपातून बाहेर जाणारी हवा येते तुमच्याच खोलीतून, म्हणजे पैसे देऊन थोडीफार थंड केलेली. खोलीतली हवा अशी कमी होत गेली की तिची जागा भरायला दाराच्या फटीतून, खिडकीच्या झरोक्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा हे मशीन साधारण पाच-सात मिनिटांत बाहेर फेकू शकतं. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता भंडाऱ्यात बाहेरची हवा म्हणजे ४४ अंशांची झळ! एका हाताने थंड करायचं, दुसऱ्या हाताने झळ आत घ्यायची. दोन पाइपवाल्या मशीनमध्ये हा घोळ बराच कमी होतो, पण ती महाग आणि आपल्याकडच्या दुकानात क्वचितच दिसते.

आता बिल. एक टनाचं असं मशीन साधारण १.२ किलोवॉट खातं. रोज आठ तास म्हणजे ९.६ युनिट, महिन्याला २८८. तेवढेच तास चालणारा २०० वॉटचा कूलर महिन्याला ४८ युनिटमध्ये भागवतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, त्यापुढे ३०० पर्यंतचा दर दुपटीच्या आसपास, आणि ३०० नंतर आणखी वर. एका मीटरवर चार खोल्या असतील तर हा टप्पा कधी ओलांडला ते कळतही नाही. मग घरमालक सबमीटर बघून त्याच्या मनाचा दर लावतो आणि वाद सुरू होतात.

कूलरची चेष्टा करण्याची फॅशन आहे, पण विदर्भाच्या उन्हाळ्याला त्याच्याइतकं फिट बसणारं यंत्र दुसरं नाही. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, एवढंच त्याचं शास्त्र. माठातलं पाणी आणि जुन्या वाड्यांतल्या वाळ्याच्या ताट्या त्याच शास्त्रावर गार राहायच्या. बाहेर ४४ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर पाण्याच्या वाफेने हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. गवत नीट भिजलेला साधा कूलर त्यातला बराच पल्ला गाठतो, तोंडाशी २८-२९ अंश सहज मिळतात. हेच जूनमध्ये करून बघा. मान्सून विदर्भात शिरला, वैनगंगेच्या काठाला ढग आले, बाहेर ३६ अंश आणि दमटपणा ६० टक्के. आता तळाची मर्यादाच २९ च्या वर. कूलर फार तर पाच अंश उतरवतो आणि वर अंगाला चिपचिप देतो. त्या दिवसांत पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा. एसीचा खरा उपयोग म्हणाल तर याच पंधरा-वीस दिवसांचा. त्यासाठी तीस हजार घालायचे का, ते तुम्हीच ठरवा.

‘आमचा कूलर गार हवाच देत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या खोलीत डोकावलं तर बहुतेक वेळा कारण समोरच दिसतं. कूलर खोलीच्या आत ठेवलेला आणि दार-खिडकी घट्ट बंद. एसीची सवय कूलरला लावली की असं होतं. कूलरला मागून कोरडी हवा हवी आणि खोलीतली ओली हवा बाहेर पडायला समोरच्या बाजूला वीतभर फट हवी. बोरिंगच्या पाण्याने गवतावर क्षार धरलेत का तेही बघा. पांढरं कडक झालेलं गवत पाणी पीत नाही, ते दरवर्षी बदलावंच लागतं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंगीच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू कूलरमध्ये पाइपाने पाणी भरणं, एवढं जुळून आलं की पुरतं. महावितरण दरवर्षी सूचना काढतं आणि आपण दरवर्षी त्या वाचून सोडून देतो. भाड्याच्या खोल्यांमध्ये धोका जास्त, कारण भिंतीत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. ती आहे का हे इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प लावून मिनिटभरात सांगतो. तुम्ही स्वतः तारांना हात घालू नका. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. करंट गळू लागला की तो क्षणात लाइन तोडतो. हा खर्च घरमालकाचा आहे. कूलर लावला म्हणून महिन्याला जादा पैसे घेणाऱ्याने तरी अर्थिंग द्यायलाच हवं, आणि हे मागताना संकोच करायचं काही कारण नाही. बसवेपर्यंत नियम एकच: आधी प्लग काढा, मग पाणी भरा.

आता शीर्षकातल्या स्लॅबकडे येऊ. विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा वरचा मजला येतो, कारण तो स्वस्त. तो स्वस्त का, हे एप्रिलमध्ये कळतं. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री बारा-एकपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. डोक्यावर पंखा लावला तर तो तीच हवा अंगावर आणतो. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या गावातून आलेल्यांना हे जास्त जाणवत असेल. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेल्या घरात वरची गरम हवा फटींतून निघून जायची. स्लॅबला तशी वाटच नाही. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले की ऊन परत फिरतं आणि खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. हे कुणाचं घरगुती खूळ नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्याचं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडे पालिकांनी बांधकाम परवानगीत आणि वसतिगृहांनी आपापल्या गच्चीवर हे सक्तीचं करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. परीक्षा एप्रिल-मेमध्ये घ्यायच्या आणि मुलांना तापलेल्या स्लॅबखाली अभ्यासाला बसवायचं, यात कुठलीही शिस्त नाही.

तोवर वाट बघत बसू नका. चुन्याची पोती, थोडा फेविकॉल, दोन कुंचे आणि रूमवरची चार माणसं, एवढ्यात एका रविवारी काम होतं. घरमालकाला विचारा, चुन्याचे पैसे तो द्यायला सहसा तयार होतो, कारण गच्ची त्याची आहे. चुना भिजवताना उकळतो, तेव्हा डोळे आणि हात सांभाळा. गच्ची आधी झाडून घ्या आणि काम सकाळी नऊच्या आत आटपा. २५ मेपासून नवतपा लागतो, त्याच्या आधीचा कुठलाही रविवार चालेल.