सीपीयू घरघरतोय आणि तुम्ही म्हणताय ‘चालतंय की’

दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना काय बघावं, या व्हिडिओखाली एक प्रश्न फिरून फिरून आला. ‘सर, कॉम्प्युटर चांगला चालतोय, फक्त आवाज लय करतोय. काय करू?’ आणि त्याच प्रश्नाखाली दुसऱ्या कुणीतरी दिलेलं उत्तर असतं, ‘चालतंय की! चालतोय तोवर चालू दे.’

या उत्तराला माझा साफ विरोध आहे. आवाज करणारा कॉम्प्युटर ‘चांगला चालत’ नसतो, बंद पडायच्या आधी तो तुम्हाला कळवत असतो. आणि पुष्कळ वेळा हा आवाज त्या डब्यातून येतो ज्यावर खरेदीच्या वेळी आपण सगळ्यात कमी डोकं चालवलेलं असतं. तो डबा म्हणजे एसएमपीएस, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय.

खरं तर आवाज ओळखणं आपल्या भागाला शिकवायला नको. कुंडलच्या शेजारी, औंध संस्थानच्या मुलखात, लक्ष्मणरावांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढे पंपांनी हे गाव देशभर माहीत झालं. इथला शेतकरी विहिरीवरची मोटर जरा वेगळी गुरगुरली की लगेच स्टार्टर बंद करतो. मिस्त्री येतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, ‘बेअरिंग गेलंय, आत्ताच बदला, नाहीतर वाइंडिंग जळंल.’ त्या मिस्त्रीशी कुणी ‘चालतंय की’ म्हणून वाद घालत नाही. तोच माणूस दुकानात येतो तेव्हा काउंटरखालचा सीपीयू पिठाच्या गिरणीसारखा वाजत असतो, आणि हा त्याच्यावरच बिल काढत बसतो.

मोटर बंद पडली तर ऊस एक पाळी थांबतो. दुकानाचा कॉम्प्युटर नेमका कधी बंद पडेल तर २० तारखेला, जीएसटीआर ३बी भरायच्या दिवशी. किंवा खरीप पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी, तुमच्या आपले सरकार केंद्रासमोर रांग लागलेली असताना. यात नशिबाचा भाग कमी आहे. त्या दिवशी मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत सलग चालतं, तापतं, आणि आधीच दमलेला भाग तेव्हाच मान टाकतो. पार्ट गावात मिळत नाही, सांगलीला माणूस पाठवावा लागतो, दिवस जातो. रांगेतलं गिऱ्हाईक समोरच्या केंद्रात जातं आणि पुढच्या वेळी सरळ तिकडंच जातं. नवा पार्ट किती रुपयांचा हा हिशोब सगळे करतात, हा दुसरा हिशोब फारसा कुणी करत नाही.

तेव्हा आधी आवाज कुठून येतो ते शोधा. विकत काहीही आणायच्या आधी.

दुकान बंद झाल्यावर अर्धा तास काढा. मशीन बंद करून पिन काढा, बाजूचं झाकण उघडा. आतल्या सुट्या वायरी पंख्यापासून लांब आहेत का ते बघा. ‘कटकटकट’ असा एकसारखा आवाज म्हणजे कित्येकदा एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागत असते, एवढंच. रुपयाचा केबल टाय लावला की काम झालं. मग झाकण उघडंच ठेवून मशीन चालू करा. वर्तमानपत्राची लांब नळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका भागाजवळ धरा. मिस्त्रीच्या स्क्रू ड्रायव्हरचाच हा प्रकार आहे, फक्त इथं कागद वापरायचा, धातूचं काहीही आत घालायचं नाही. नळी कुठल्याही पात्याला लागू देऊ नका. प्रोसेसरवरचा पंखा, कॅबिनेटचा मागचा पंखा, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस, एवढ्या चार ठिकाणी ऐकलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

सकाळी चालू करताना घर्रर्र होतं आणि दहा मिनिटांनी शांत होतं? पंख्याच्या बेअरिंगमधलं तेल सुकलंय. गार असताना ते आणखी घट्ट असतं, म्हणून थंडीत हा आवाज वाढतो. दिवसभर ‘सूऽऽ’ असा जोरात वारा सुटल्यासारखा आवाज येतो? पंख्याला काही झालेलं नाही, तो उष्णता हाकलायला जीव तोडून पळतोय. हीटसिंकमध्ये धूळ भरलीय किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलीय. डासासारखी बारीक शिट्टी येत असेल आणि स्क्रीनवरचं काम बदललं की तीही बदलत असेल, तर ती कॉइलची शिट्टी. डोकं उठतं, पण तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

हार्ड डिस्कमधून मात्र ‘टिक... टिक... टिक’ येत असेल तर हा लेख वाचायचा थांबवा आणि आधी डेटा दुसरीकडे घ्या. गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या, स्टॉक, टॅलीचा बॅकअप. पंखा बाजारात मिळतो, तीन वर्षांची उधारीची वही मिळत नाही.

अजून एक. महिनोन्महिने घरघरणारा पंखा एके दिवशी अचानक गप्प झाला तर खूश होऊ नका. तो बहुधा जाम झालाय. एसएमपीएसच्या मागच्या जाळीवर तळहात धरा. कोमट हवा हाताला लागली पाहिजे. हवा नाही आणि पत्रा चटका देतोय, तर लगेच बंद करा. आणि तळल्यासारखा ‘चर्रर्र’ आवाज किंवा जळका वास आला तर विचार करत बसायचं नाही, आधी बोर्डावरचं बटण बंद, मग पिन बाहेर.

आता या डब्याबद्दल जरा सविस्तर. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट एसीचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो. त्यासाठी आत आलेली वीज आधी डीसी होते, आणि तेव्हा आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. काही प्रकारांत त्याहून जास्त. पिन काढल्यावरही तो काही काळ तिथंच साठलेला राहू शकतो. म्हणून स्पष्ट सांगतो, मोबाइलवर व्हिडिओ बघून एसएमपीएस खोलू नका. पंख्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकायची युक्ती कॅबिनेटच्या पंख्यापुरती ठीक आहे, तीही आजचा दिवस निभावून न्यायला. एसएमपीएसच्या पंख्यासाठी नाही. आणि गंज काढायचा स्प्रे कुठल्याच पंख्यावर मारू नका. उरलंसुरलं वंगणही तो धुऊन नेतो आणि आठवड्यात आवाज दुप्पट होतो.

सगळ्यात मोठी फसगत लेबलवर होते. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळालेल्या डब्यावर ठळक अक्षरात ४५० लिहिलेलं असतं. ते वाचू नका, खालचा बारीक तक्ता वाचा. आजच्या कॉम्प्युटरचा मुख्य भार १२ व्होल्टवर असतो. त्या रांगेत समजा १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. ४५०चा डबा कामाच्या जागी १९२चा निघाला. बिलिंगच्या साध्या मशीनला तेवढे पुरतीलही, पण तुम्ही पैसे कशाचे मोजले हे तरी कळू दे. तक्ताच नसेल तर तो डबा घेऊ नका.

आवाजाचा आणि या डब्याच्या प्रतीचा संबंध सरळ आहे. समजा तुमच्या मशीनला १०० वॉट लागतात. ६५ टक्के कार्यक्षमतेचा स्वस्त एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून १५४ वॉट खेचतो, आणि वरचे ५४ डब्यातच उष्णता होऊन बसतात. ८५ टक्क्यांचा असेल तर ११८ खेचतो, उष्णता १८ वॉट. तिप्पट उष्णता बाहेर काढायची म्हणजे पंखा जोरात पळणार, लवकर झिजणार, ओरडणार. ‘८० प्लस’ हा शिक्का याच गोष्टीसाठी २००४ पासून आहे. त्याच्या साध्या पातळीला २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. असा डबा अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो, बिनशिक्क्याचा पाचशेत. दुकानाच्या उद्घाटनाला फ्लेक्सवर आणि रंगीत दिव्यांच्या कीबोर्डवर खर्च करणारी मंडळी या दोन हजारांत घासाघीस करतात, ते मला खरंच पटत नाही.

व्होल्टेज बघायचं असेल तर बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर असतो. १२ची ओळ ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. पाच टक्के वर-खाली, याच्या बाहेर नको. बायोसचा आकडा थोडा इकडंतिकडं असू शकतो, शंका आली तर टेक्निशियनकडून मल्टीमीटरने खात्री करून घ्या.

लाईट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. दुकानदार लगेच यूपीएसची बॅटरी बदलतो, आणि तरीही रिस्टार्ट. साधा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसनं आतल्या कपॅसिटरच्या जोरावर दम धरायचा असतो. कपॅसिटर म्हातारे झाले की दम सुटतो. दोष कुणाचा हे ओळखायला कॉम्प्युटर काढून यूपीएसला जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब लावा आणि भिंतीतली पिन काढा. बल्ब विझला किंवा मिनिटभरात यूपीएस बसला, तर बॅटरी गेली. बल्ब नीट चालू राहिला, तर संशय एसएमपीएसवर. एलईडी बल्ब लावू नका, त्याचा भार नगण्य असतो, त्यातून काही कळत नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर दुकानाच्या अर्थिंगचं बघा. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते, ती जमिनीत जायला तिसरी पिन लागते. ती पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसणाऱ्याला मी दुकान चालवायला देणार नाही. नवीन गाळा भाड्यानं घेताना मालकाशी पाण्याबद्दल बोलता तसं अर्थिंगबद्दलही बोला.

धुळीबद्दल थोडक्यात. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यानं जातात, ती धूळ पंखा आत ओढतो. किराणा दुकानात पीठ आणि चटणी, सलूनमध्ये केस, आणि जवळजवळ सगळीकडं सीपीयूशेजारी देवाचा फोटो आणि उदबत्ती. धुराचा चिकट थर बसला की धूळ त्याला पकडूनच ठेवते. देव हलवू नका, सीपीयू हलवा. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी स्टँडवर, मागं चार बोटं जागा सोडून. काउंटरच्या बंद कपाटात तर अजिबात नको. तीन महिन्यांतून एकदा दुकानाबाहेर नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. नाहीतर वाऱ्यानं तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग तिथंच जातं.

ज्यांना रिपेअरिंगचाच धंदा टाकायचाय त्यांच्यासाठी एक रोखठोक मत. गिऱ्हाइकानं आवाज सांगितला की न उघडता ‘एसएमपीएस गेला’ म्हणायची सवय लावून घेऊ नका. कुंडलसारख्या गावात दुसऱ्या मिस्त्रीनं तोच सीपीयू उघडून फक्त वायर बाजूला केली, तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचते. त्यापेक्षा तपासणी फी लावा, शंभर-दीडशे, बोर्डावर लिहून. फी घेतलीत की खरं सांगायला तुम्ही मोकळे होता, पार्ट खपवायची गरज राहत नाही. मग एखाद्याला ‘पंखा बदलून भागेल’ आणि दुसऱ्याला ‘हा डबा सात वर्षांचा झाला, पंखा बदलून उपयोग नाही, नवाच घाला’ असं सांगता येतं, आणि दोघंही ऐकतात. जुना काढलेला एसएमपीएस गिऱ्हाइकाच्या हातात द्या. काय बदललं ते त्यानं डोळ्यांनी बघू दे.

मला आवाज पाठवणाऱ्यांना एक विनंती. ‘सर आवाज येतोय’ एवढ्यावरून काही सांगता येत नाही. झाकण उघडून, मशीन चालू करतानापासून तीस सेकंद रेकॉर्ड करा, मोबाइल हातभर लांब धरून. मशीन किती वर्षांचं आहे ते लिहा. आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा, बारीक तक्ता वाचता येईल असा.